२ लाख ३८ हजार पळालेली इनोव्हा घेतलीय, आधी कशाला हात लावू?

पाथर्डी_फाटा:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर सेकंडहँड इनोव्हा घेतली. २०१२ ची, अडीच लिटर डिझेल, एमएच १५ म्हणजे नाशिक पासिंग, मीटरवर २ लाख ३८ हजार. ४ लाख ६० हजाराला पडली. आईवडील, आम्ही दोघं, दोन पोरं आणि वर्षातनं चार वेळा येणारी आत्या, सगळ्यांना एकाच गाडीत घालून वणीला नाहीतर त्र्यंबकला नेता यावं एवढीच हौस होती. आधीचा मालक म्हणला एकदम मेंटेन गाडी आहे, चावी मारा आणि चालवा. सर्व्हिसचं बुक मागितलं तर म्हणे घर बदलताना हरवलं. मी पण मान डोलावली.

आणि आता शिव्या घाला, पण पहिल्याच आठवड्यात मी सीट कव्हर टाकले, टचस्क्रीन लावला, खाली जाड मॅट टाकलं, २३ हजार गेले. गाडी आतून नवरीसारखी दिसायला लागली.

गेल्या रविवारी कल्याणला साडूकडे निघालो. कसारा घाट उतरताना निम्म्या घाटात ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं, म्हणजे ब्रेक लागत होता पण पाय नेहमीपेक्षा खाली जात होता आणि पुढून काहीतरी जळल्याचा वास, मागे वडील झोपलेले, मी कोणाला काही बोललो नाही, हँडब्रेकवर हात ठेवूनच खाली आलो. कसाऱ्याला अर्धा तास चहा घेतला, नंतर पेडल परत आधीसारखं कडक. बायकोने माझं तोंड बघून ओळखलं. तेव्हापासून ती आणि पोरं रिक्षाने फिरतायत.

बाकी तक्रारी अशा, सकाळी थंडीत सेल्फ दोनतीनदा मारावा लागतो. ऑइलचं झाकण उघडलं तर खाली डांबरासारखा थर. कुलंटच्या बाटलीत चहाच्या रंगाचं पाणी. साठच्या पुढं घुंऽऽ आवाज. ॲव्हरेज १० च्या आत.

दोन गॅरेजला दाखवली. एक म्हणला फ्लश मारून, म्हणजे इंजिन आतून धुवायचं औषध टाकून, ऑइल बदलतो, ६ हजार द्या, घोड्यासारखी पळंल. दुसरा नुसतं झाकण उघडून म्हणला इंजिन काम काढावं लागेल, ९० हजार. माझ्याकडे आता ७० च्या वर एक रुपया नाही. कोणावर विश्वास ठेवू आणि सुरुवात कुठनं करू?

तर्रीबाज:
अभिनंदन! टचस्क्रीनवर रिव्हर्स कॅमेरा दिसतोच, ब्रेक लागतोय का ते पण दिसलं असतं तर किती बरं झालं असतं ;)
गंमत बाजूला. ब्रेकचं होईपर्यंत गाडी सोसायटीच्या बाहेर काढू नका भो.

वणीची_लेक:
माझं माहेर गडाच्या पायथ्याशी, नांदुरीचा घाट लहानपणापासून पायाखालचा आहे, आणि तुमच्यासारखंच मऊ पेडल मी तिथंच अनुभवलंय, आमच्या जुन्या व्हॅनमध्ये, म्हणून लिहिते.

ब्रेक ऑइल कधी बदललंय हे तुम्हाला माहीत नाही, बरोबर? ते ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं, डॉट ३ प्रतीचं असेल तर २०५ अंशाच्या पुढं उकळतं, पाणी मुरलं की तोच आकडा १४० च्या आसपास येतो. घाटात सारखा ब्रेक दाबत आलं की चाकापाशी एवढी उष्णता सहज होते, ऑइल उकळून लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. थंड झालं की वाफेचं परत पाणी, पेडल कडक. म्हणून चहानंतर तुम्हाला सगळं ठीक वाटलं. ठीक नव्हतं.

पण जळका वास वेगळी गोष्ट सांगतोय. एक करा, सपाट रस्त्यावर पाचसात किलोमीटर गाडी फिरवा, ब्रेक कमीत कमी वापरा, मग उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का सांगा.

आणि घाट उतरताना दुसरा नाहीतर तिसरा गिअर. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं हे मला आमच्या मामांनी शिकवलं, एसटीवर होते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना तर ते गाडीतनं उतरवायचे.

हिशेबी:
स्पष्ट बोलतो, राग नसावा. आत्ताच्या आत्ता विका. ४ लाख ६० अधिक २३ हजार अधिक आता ७०, साडेपाच लाख झाले. एवढ्यात छोटी नवी कोरी पेट्रोल गाडी आली असती, वॉरंटीसकट. पंधरा वर्षांचं पासिंग २०२७ ला संपणार, मग पेठ रोडला आरटीओच्या चकरा, फिटनेस, पर्यावरण कर.

पाथर्डी_फाटा:
@हिशेबी, सात माणसं छोट्या गाडीत बसवून दाखवा, आत्या धरून. आणि हीच अवस्था सांगून विकली तर साडेतीन पण येणार नाहीत, न सांगता विकायची माझी तयारी नाही.
@वणीची_लेक ताई, आज संध्याकाळी करून बघतो.

तर्रीबाज:
किंवा सिंहस्थात भाड्याने लावा, २०२७ ला पैसा वसूल!

जुना_फिटर:
@तर्रीबाज, पांढऱ्या पाटीवर भाडं मारता येत नाही, पिवळी पाटी आणि परमिट लागतं, उगाच नवीन माणसाला भरीस घालू नका.

आता मूळ मुद्दा. मी १९ वर्षं अंबडला वर्कशॉपमध्ये काढली, नंतर स्वतःचं गॅरेज होतं, आता गुडघ्यांमुळे बंद केलंय त्यामुळे माझ्याकडे या असं सांगायचा काही स्वार्थ नाही.

पहिलं, फ्लश मारायचा नाही. मारायचाच नाही. कारण सांगतो. डिझेल इंजिनचं ऑइल टाकल्यापासून पाचशे किलोमीटरमध्ये काळं होतं, तो दोष नाही, काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. त्यामुळे काडीवर काळं दिसलं म्हणून घाबरू नका. पण झाकणाखाली डांबर, हा वेगळा प्रकार. ते वर्षानुवर्षं वेळेवर न बदललेल्या ऑइलचं आहे. आता फ्लश टाकला की हे डांबर एकदम सुटतं, खापऱ्या निघतात, आणि इंजिनच्या खाली ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये ऑइल खेचणाऱ्या पाइपाच्या तोंडाला जी जाळी आहे तिच्यावर जाऊन बसतात. जाळी बंद म्हणजे ऑइल वर चढत नाही. मग दहा मिनिटात बेअरिंग जातात आणि दुसऱ्या मिस्त्रीचं ९० हजाराचं भविष्य खरं होतं.

दुसरं, ह्या इंजिनात डिझेल उडवणाऱ्या नोझलच्या खाली तांब्याचं वॉशर असतं. दोन अडीच लाखानंतर ते दमतं, जळालेला गॅस तिथनं वरच्या कव्हरच्या आत येतो आणि काजळी थेट ऑइलमध्ये उतरते. बाहेर काही दिसत नाही. ऑइल लवकर दाट होतं, जाळी भरत जाते. म्हणून माझं सांगणं, खालचा चेंबर उघडा, जाळी काढून बघा. चेंबर उघडायला मजुरी जाते पण इंजिन काम करायचं का नाही ह्याचं उत्तर तिथंच मिळतं. झाकण बघून इंजिन काम सांगणारा मिस्त्री आणि हात बघून भविष्य सांगणारा, दोघं सारखेच.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही यादीत लिहिलंच नाही. टायमिंग बेल्ट बदललाय का? व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवायला ह्या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ब्रेक मऊ होतो तेव्हा निदान पायाला कळतं, बेल्ट काही सांगत नाही.

निफाडकर:
फिटर काकांशी १०० टक्के सहमत. मी फक्त पाण्याबद्दल बोलतो कारण त्यात मी हात पोळून घेतलाय.

आमच्याकडं द्राक्षबागेला बोअरचं पाणी, दोन वर्षात ड्रिपच्या नळ्यांची तोंडं क्षाराने पांढरी होऊन बंद पडतात, ॲसिड सोडून साफ करावी लागतात. तेच बोअरचं पाणी आमचे चिरंजीव पिकअपच्या रेडिएटरला टाकत होते, चार वर्षं! कुलंट महाग पडतं म्हणून. मग ऐन काढणीत, मजूर बागेत, क्रेट भरलेले, पिंपळगावच्या रस्त्यावर गाडी तापून बंद. रेडिएटर उघडला तर आतल्या नळ्या अगदी ड्रिपसारख्या. रेडिएटर गेला तो गेलाच, हेड गॅस्केट पण उडालं.

तुमचं चहाच्या रंगाचं पाणी म्हणजे आत गंज. कुलंटचा निम्मा उपयोग उकळबिंदूसाठी असला तर निम्मा गंज धरू न देण्यासाठी असतो, आपल्याकडं बर्फ पडत नाही म्हणून कुलंट लागत नाही असं म्हणणारे लोक हे विसरतात. पाणी सोडून द्या, साध्या स्वच्छ पाण्याने दोनतीनदा गाडी चालू ठेवून धुवा, मग बुकलेटमध्ये सांगितलेलं कुलंट आणि मिसळायला डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीला टाकतात तेच. ॲसिड रेडिएटरमध्ये घालायचं नाही, ड्रिपची नळी प्लास्टिकची आहे, रेडिएटर ॲल्युमिनियमचा. आणि गरम गाडीचं झाकण उघडू नका, माझ्या मनगटावर अजून खूण आहे.

अजून एक, थर्मोस्टॅट आहे का बघा, इंजिन तापेपर्यंत कुलंट अडवून धरतो तो. बरेच मिस्त्री गाडी तापते म्हणून तो काढूनच टाकतात. मग इंजिन कधीच नीट तापत नाही, डिझेल जास्त पितं. तुमच्या ॲव्हरेजचं एक कारण तिथं असू शकतं.

सकाळच्या सेल्फचं म्हणाल तर ग्लो प्लग तपासा, थंड इंजिन चालू व्हायला आत उष्णता देतात ते. आमच्या निफाडला डिसेंबरात पारा राज्यात सगळ्यात खाली जातो, इथं ज्याचे ग्लो प्लग गेले त्याची गाडी धक्क्यावरच चालू होते :)

सातपूरचा_शऱ्या:
मी माझ्या गाडीला १ लाख ७० हजारावर फ्लश मारलाय, काही झालं नाही. उलट आवाज कमी झाला. सगळे उगाच घाबरवतायत.

जुना_फिटर:
@शऱ्या भाऊ, तुमची गाडी वेळच्या वेळी ऑइल बदललेली असेल, तिच्यात सुटायला काही नव्हतंच. दर महिन्याला झाडलेल्या माळ्यावर पंखा लावला तर काय उडणार? दहा वर्षं बंद असलेल्या माळ्यावर लावा मग सांगा.

सातपूरचा_शऱ्या:
हा मुद्दा मान्य. माझी पहिल्या मालकापासूनची आहे, दर दहा हजाराला बदलतो.

देवळालीकाका:
अरे बाळा पाथर्डी_फाटा, मी २४ वर्षं फौजेत काढली, ईएमईमध्ये, गाड्यांच्याच कामात. आमच्याकडे प्रत्येक गाडीचं लॉगबुक. कुठल्या तारखेला, किती किलोमीटरला, काय बदललं, सही कोणाची. आणि एक नियम होता, लॉगबुकात नाही म्हणजे काम झालेलं नाही. ड्रायव्हर शपथ घेऊन सांगू दे, उस्ताद नवीन ऑइल मागवायचे.

तुझ्या गाडीचं बुक हरवलंय. म्हणजे तुझ्या हिशोबाने हिच्यात गेल्या १२ वर्षात काहीही झालेलं नाही असं धरूनच चल. खोटं निघालं तर एखादा चांगला पार्ट लवकर बदलला एवढंच नुकसान.

आता टायमिंग बेल्टचं. ह्या गाडीच्या मीटरमध्ये टी-बेल्ट नावाचा दिवा आहे. दीड लाखाला तो लागतो, बेल्ट बदलला की मिस्त्री तो रिसेट करतो. तुझी २ लाख ३८ हजार, दिवा लागलेला नाही. म्हणजे दोनच शक्यता. एक तर बेल्ट बदलून रिसेट केलाय, नाहीतर दिव्याचं काहीतरी केलंय. चावी ऑनवर ने, इंजिन चालू करू नकोस. सगळे दिवे एकदा लागले पाहिजेत, ऑइलचा, बॅटरीचा, इंजिनचा, टी-बेल्टचा. जो लागत नाही तो का लागत नाही हे शोध. सेकंडहँड गाडी घेताना हे पहिल्या मिनिटात करायचं असतं, आता घेतलीच आहेस तर आता कर.

टायरचं पण बघ. बाजूला इंग्रजीत DOT लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी कितीही असो, रबर म्हातारं झालं की झालं.

अवांतर: आमच्या वेळी कसारा घाट उतरताना कॉन्व्हॉयमध्ये ब्रेक लाइट सारखा पेटलेला दिसला तर खाली उतरल्यावर ड्रायव्हरला सगळ्यांसमोर बोलणी बसायची.

पाथर्डी_फाटा:
काका, आत्ताच खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. चावी ऑन केली. ऑइल लागला, बॅटरी लागला, इंजिन चेक लागला, स्प्रिंगसारखं चित्र असलेला ग्लो प्लगचा लागला.

टी-बेल्टचा नाही लागला. चार वेळा केलं. नाही.

आणि ताई, चाकांचं पण केलं, पाथर्डी फाटा ते अंबड आणि परत. पुढचं उजवं रिम बाकीच्यांपेक्षा खूपच गरम, हात जवळ नेववत नाही. वास पण तिकडूनच.

वणीची_लेक:
मग कॅलिपर अडकलंय, ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबतं ते. त्याच्या पिना असतात ज्याच्यावर ते सरकतं, ग्रीस वाळलं की सरकत नाही, तुम्ही पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. सारखा अर्धा ब्रेक लागलेला. त्याचीच उष्णता, त्याचाच वास, जुनं ऑइल उकळलं ते पण त्यानेच, आणि ॲव्हरेज पण तोच खातोय. गाडी आता चालवू नका, गॅरेजपर्यंत टो करून न्या.

देवळालीकाका:
दिवा लागला नाही हे वाचून मला वाईट वाटलं नाही. आता निदान कळलं.

जुना_फिटर:
आता ऐका. वेळ दवडू नका, पण सगळं एका दिवशी करायला पण जाऊ नका, मिस्त्री घाई करतो मग. पहिल्या खेपेला ब्रेक आणि बेल्ट, ते झाल्याशिवाय गाडी गॅरेजमधनं हलवायची नाही. बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर, म्हणजे तो ज्यांच्यावरून फिरतो त्या पुल्या, पण नवे, नुसता बेल्ट टाकला आणि चार महिन्यात जुन्या पुलीचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्ट पण जातो. कोणी म्हणलं वॉटर पंप पण ह्याच्याबरोबरच करा, तर ह्या गाडीत तो बाहेरच्या फॅनबेल्टवर फिरतो, टायमिंगवर नाही, गळत नसेल तर राहू द्या. नंतर चेंबर आणि जाळी. मग कुलंट. टायर पैसे बघून. गिअर ऑइल आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल लोक विसरतात, मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, ते नुसतं काढून बघा तरी.

जुने पार्ट परत मागून घ्या. पिशवीत घालून घरी न्या. पार्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकाची गाडी मिस्त्री जरा जपून खोलतो.

हिशेबी:
मी अजूनही म्हणतो विका. पण लिहीत राहा, वाचतोय.

पाथर्डी_फाटा:
अपडेट. आठ दिवस लागले, उशिराबद्दल माफी.

फिटर काकांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) एक मिस्त्री सुचवले, इथल्या द्वारका चौकाकडे आहेत, नाव इथं लिहीत नाही. साठीचे गृहस्थ, कमी बोलतात. मी दोन दिवस सुट्टी टाकून तिथंच बसलो, त्यांना आवडलं नाही पण हाकललं पण नाही.

आधी ब्रेक. पुढचं उजवं कॅलिपर, ताई अगदी बरोबर. एक पिन जाम, मिस्त्रींनी हातोडीने मारून काढली तेव्हा तिच्यावर ग्रीसच्या जागी नुसती तांबडी पावडर. एक पॅड निम्म्याहून जास्त उरलेला आणि त्याच्या समोरचा पत्र्यापर्यंत गेलेला, एकाच चाकातले दोन पॅड! ब्रेक ऑइल पारदर्शक बाटलीत काढलं, मला वाटलं कोक आहे. मागचे ड्रम उघडून साफ केले, लायनर चालण्यासारखे होते.

मग बेल्ट. वरचं कव्हर काढलं आणि मिस्त्री काहीच बोलले नाहीत, फक्त मला जवळ बोलावलं. बेल्टच्या पाठीवरची अक्षरं पुसून गेलेली, कडेला दोरे सुटलेले, बेल्ट हातात घेऊन उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी भेगा, ओळीने, नखं रुततील अशा. मिस्त्री म्हणले हा कंपनीतनं आलेला पहिलाच बेल्ट आहे. म्हणजे २ लाख ३८ हजार त्याच्यावरच. आधीचा मालक मला तोंडावर म्हणला होता सगळं बदललेलंय.

मी विचारलं अजून किती चालला असता. म्हणले कदाचित वीस हजार, कदाचित इथनं मुंबई नाक्यापर्यंत.

नंतर चेंबर खाली घेतला. तळाला बोटभर काळा गाळ, आणि जाळी, मी फोटो टाकायचा प्रयत्न केला पण इथं अपलोड होत नाहीये, साधारण चहाच्या गाळणीवर ओला चोथा वाळला तर कसा दिसेल तशी. अर्ध्याच्या वर बंद. रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने साफ केली. नोझलचे वॉशर पण बदलले, चारातले दोन काळेठिक्कर होते. एक नंबर बेअरिंगचं कव्हर उघडून बघितलं, चकचकीत नाही पण चालेल म्हणले. इंजिन काम नाही! त्या दुसऱ्या मिस्त्रीचे ९० हजार वाचले. आणि पहिल्याचा फ्लश मारला असता तर, जाऊ दे.

थर्मोस्टॅट नव्हताच, निफाडकर दादा, तुम्ही ज्योतिषी आहात. रिकामी जागा. नवीन टाकला. सकाळचा सेल्फ आता एकाच वेळी लागतो, दोन ग्लो प्लग मेलेले होते.

टायर ३ नवे घेणार होतो, चारही घेतले, कारण आकडे बघितले तर दोन २०१६ चे आणि दोन २०१७ चे. मी इतके दिवस नक्षी बघून खूश होतो.

खर्च विचारतील म्हणून: बेल्ट टेन्शनर आयडलर मजुरीसकट ९,२००. चेंबर, जाळी, वॉशर, कव्हरचं गॅस्केट आणि ग्लो प्लग ८,५००. ऑइल आणि फिल्टर दोनदा धरून ७,८००, कारण फिटर काका आणि मिस्त्री दोघं म्हणले पहिलं ऑइल फक्त हजार किलोमीटर चालवून काढून टाका, जो गाळ उरलाय तो त्याच्यात हळूहळू येऊ दे. ब्रेक ६,४००. कुलंट, रेडिएटर सफाई, थर्मोस्टॅट ५,६००. फॅनबेल्ट १,५००. हे झाले ३९ हजार. टायर २७ हजार. एकूण ६६. चार हजार उरलेत. सीट कव्हरचे २३ हजार आठवले की झोप लागत नाही.

तर्रीबाज:
उरलेल्या चार हजारात सगळ्या प्रतिसादकांना मिसळ. दही वेगळं, पापड वेगळा.

निफाडकर:
ज्योतिषी नाही हो, भाजलेला माणूस :) बेल्टचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या पिकअपचा उद्याच बघतो.

हिशेबी:
६६ हजारात तुम्ही प्रत्यक्षात ४ लाख ६० हजाराची गाडी वाचवली, हे मी लिहितोय, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

देवळालीकाका:
शाब्बास. पण दिव्याचं काय झालं ते सांगितलं नाहीस.

पाथर्डी_फाटा:
काका, तेच राहिलं. बेल्ट झाल्यावर मिस्त्री म्हणले दिवा पण बघू. मीटर बाहेर काढलं, मागून उघडलं. टी-बेल्टच्या खिडकीवर आतून काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा, नीट, कात्रीने कापून चौकोनी चिकटवलेला. बाकी कुठं टेप नाही. टेप काढली, चावी ऑन केली, दिवा लागला. आणि लागलेलाच राहिला. बेल्ट बदलला होता म्हणून मग रिसेट केला.

म्हणजे कोणालातरी माहीत होतं. दीड लाखाला दिवा लागला, त्याने बेल्ट बदलायच्या ऐवजी पाच रुपयांची टेप लावली आणि पुढं अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर गाडी पळवली. आधीचा मालक का त्याच्या आधीचा, माहीत नाही. फोन केला होता, उचलला नाही.

तो टेपचा तुकडा आणि जुना बेल्ट पिशवीत घालून आणलाय. बायकोला दाखवला. ती म्हणली हे देव्हाऱ्याशेजारी ठेवू नकोस.

वणीची_लेक:
चौकोनी कापून!! एवढ्या मेहनतीने!
बसली का मग वहिनी गाडीत?

पाथर्डी_फाटा:
काल सगळे वणीला जाऊन आलो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, मागे चार गाड्या हॉर्न मारत होत्या, मारू दे म्हणलं. पेडल घाटाच्या खालपर्यंत कडक. ॲव्हरेज मोजलं, १२.४ आलं.

एक गोष्ट मात्र राहिली. साठच्या पुढचा घुंऽऽ आवाज टायरचा असेल वाटलं होतं, नव्या टायरवर पण आहेच.

देवळालीकाका:
व्हील बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर साठला गाडी धर आणि हळूच डावीउजवीकडे लेन बदलल्यासारखी कर. डावीकडे घेताना आवाज वाढला तर उजवं गेलंय, उजवीकडे घेताना वाढला तर डावं. वजन उलट्या बाजूला पडतं म्हणून. आणि वही केलीस का?

पाथर्डी_फाटा:
केली काका, पोराची चौकटीची वही. पहिलं पान, टायमिंग बेल्ट २,३८,४१०. ऑइल पहिलं २,३८,४१०, दुसरं २,३९,४०० ला. ब्रेक ऑइल, तारीख, दोन वर्षांनी परत. खाली मिस्त्रींची सही पण घेतली, ते हसले पण केली.

आत्ता फाट्यावरून बायपासला फिरवून आलो. डावीकडे घेतली की वाढतो. म्हणजे उजवं. उरलेले चार हजार मिसळीचे नव्हते म्हणायचे.